पुस्तकातले आवाज: आखाजी ते आखाजी वाचन-आव्हान (कोण कोण येतंय?)

गिरणाकाठची:
मंडळी, या आखाजीपासून (म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून) पुढच्या आखाजीपर्यंत एक वाचन-आव्हान घ्यावं म्हणते. दरवर्षी आपण "यंदा इतकी पुस्तकं" असा आकडा लावतो आणि मग आकडा गाठायला बारीक बारीक पुस्तकं शोधत बसतो. यंदा आकडा नको. यंदा आवाज शोधू.

करायचं एवढंच. वाचताना लेखकाने जिथे एखादा आवाज कानात उभा केला असेल तिथे थांबायचं. ते वाक्य मोठ्याने वाचायचं. मग इथे लिहायचं: पुस्तक कोणतं, आवाज कशाचा, आणि तो खरंच ऐकू आला की डोळ्यांखालून निघून गेला. मी काही रकाने धरलेत. पाण्याचा, पाऊस-विजेचा, पाखराचा, जनावराचा, गाडीचा (बैलगाडीपासून रेल्वेपर्यंत सगळ्या), चुलीपाशी होणारा, कारखान्याचा, वाद्याचा, आणि माणसाच्या गळ्यातून निघणारा पण शब्द नसलेला: हाळी, हुंदका, खोकला. शेवटचा रकाना मला सगळ्यात जवळचा आहे, आपल्या गावातून गेलेला आवाज.

हे खान्देशातल्या वाचकांनी करावं याला कारण आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची कविता जात्यावर आणि शेतात तोंडातून आली, घरच्यांनी ती उतरवून घेतली, आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ साली. म्हणजे आपल्या भागातलं सगळ्यात लाडकं पुस्तक आधी आवाज होतं, कागद नंतर झालं. ते आपण तोंड मिटून वाचतो हे मला पटत नाही.

एका गोष्टीवर मात्र माझं अडलंय. शांतता धरायची का? बालकवींची 'औदुंबर' घ्या. आठ ओळी. झरा वाहतोय, गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट डोहाकडे निघालीय, पण सबंध कवितेत आवाज एकही नाही. ना पाण्याचा, ना पाखराचा. मला ती नोंदवायचीय. कोणत्या रकान्यात नोंदवू?

कापूसकोंड्या:
नाव लिहा माझं. पण मोठ्याने वाचायचं म्हणता, तर रात्री अकरानंतर घरच्यांची परवानगी कोण काढून देणार?

लेक_आसोद्याची:
मी आहे. पहिली नोंद माझ्याच गावच्या लेकीची हवी, म्हणून थांबत नाही.

"अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे पिठी
तसं तसं माझं गानं, पोटातून येतं व्होटी"

आवाज जात्याचा. आता माझं म्हणणं ऐका. या दोन ओळींत जात्याची घरघर कुठेही वर्णन केलेली नाही, ती ओळीच्या चालीत आहे. आमच्या जुन्या घरी जातं अजून आहे. त्याचा खुंटा धरून, हात फिरवत ही ओळ म्हणून पाहा. "घरोटा"ला हात पुढे जातो, दुसऱ्या "घरोटा"ला मागे येतो. फेरा जिथे पुरा होतो तिथेच ओळ पुरी होते. नुसतं बसून वाचलं तर हे कळत नाही, मला तरी कळलं नव्हतं. आव्हानात "हाताने काम करत वाचा" असंही घाला.

धुळ्याचा_पोर:
लेक, एक नंबर! आपली अहिराणी अशी आहे, भो. बोलली की वाजतेच.

सावदेकर:
@धुळ्याचा_पोर, भाऊ, बहिणाबाईंची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली. "मले, तुले" आमच्याकडचं. तुमच्याकडे ऐकू "येस", आमच्याकडे ऐकू "येतं". हे दर वेळी सांगावं लागतं म्हणून सांगितलं, राग नसावा.

आता मूळ विषयाबद्दल. मला हे आव्हान फारसं रुचलेलं नाही, आणि ते स्पष्ट सांगतो. कादंबरी वाचताना मी माणसामागे जातो. आवाज गोळा करायचे ठरवलं की नजर सारखी आवाजच शोधणार आणि माणूस निसटणार. कपाशी वेचणाऱ्या बाईला बोंड दिसतं, झाड दिसत नाही, तसं व्हायचं. वाचनाला असं काम लावू नये.

दुसरं म्हणजे, माझ्या बागेतला आवाज मला पुस्तकात कधी सापडलेला नाही. मे-जूनमध्ये वादळ येतं तेव्हा आधी पानं फाटतात. तो आवाज एकसारखा असतो, पावसाआधी पाऊस आल्याचा भास होतो. मग केळी पडायला लागतात. केळीचं खोड लाकूड नव्हे, त्यात पाणीच जास्त. म्हणून ते कडाडत नाही. धप्प. मग पुन्हा धप्प. घरात बसून आपण ते मोजत असतो. रावेर-यावलच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. हे कोणी लिहिलंय? लिहिलं असेल तर दाखवा, मी लगेच नाव नोंदवतो.

बिबडी:
सावदेदादा, तुमचा दुसरा परिच्छेदच मी पहिल्या रकान्यात टाकायला निघाले होते. पुस्तकात नसला म्हणून काय झालं.

आणि कपाशीचं म्हणाल तर मी वेचलीय कपाशी. झाड बघितल्याशिवाय वेचता येत नाही. कुठलं बोंड पुरतं उमललंय, कुठलं पुढच्या वेचणीला ठेवायचं, ओल किती आहे, हे सगळं झाड बघूनच कळतं.

गिरणाकाठची:
@सावदेकर, तुमचा आक्षेप मी मनावर घेतलाय. पण माणूस निसटेल असं मला वाटत नाही. घरात कोण आलं हे आपण पावलांवरून ओळखतो, खोकल्यावरून ओळखतो. चांगला लेखक माणसाची ओळख अशी कानानेच करून देतो. आपण ते वाचून पुढे जातो, एवढंच. आव्हान तिथे थांबण्याचं आहे.

धुळ्याचा_पोर:
लेवा गणबोली. बरं. लक्षात ठेवतो.

पाण्याच्या रकान्यात माझ्याकडून समर्थ:
"गिरीचे मस्तकी गंगा तेथुनि चालली बळें
धबाबा लोटल्या धारा धबाबा तोय आदळे"

शिवथरघळीचं वर्णन आहे हे, तो डोंगर आपला नाही, पण समर्थांच्या आणि समर्थ संप्रदायाच्या जुन्या हस्तलिखितांचा मोठा साठा आपल्या धुळ्यात आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात. शाळेत असताना आम्हाला तिथे नेलं होतं. तेव्हा बाड म्हणजे काय ते पाहिलं: कापडात गुंडाळलेले कागद, काळी शाई, शब्दांमध्ये जागा न सोडता ओळीच्या ओळी. असं लिखाण डोळ्याने झरझर वाचताच येत नाही. कुठे शब्द तुटतो ते म्हणून बघितल्यावर कळतं. त्या काळी पोथी मोठ्यानेच वाचत, कारण ऐकणारे समोर बसलेले असत. गिरणाकाठची ताई जे नवं म्हणून सांगतेय ते तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी रोजचं होतं.

"धबाबा" दोनदा का, यावर माझं उत्तर असं: पहिला धबाबा वरून सुटतानाचा, दुसरा खाली आपटतानाचा.

कापूसकोंड्या:
मोठ्याने म्हणून बघितलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "टाकी वाहून चाललीय का?" म्हणजे समर्थ पास.

रेल्वेवाले_आबा:
मी भुसावळला रेल्वेत आयुष्य काढलं. गाडीचा रकाना मी सांभाळतो, पण आधी थोडी तक्रार ऐका.

पुस्तकात गाडी आली की लेखक "झुकझुक" लिहून मोकळा होतो. वाफेचं इंजिन होतं तोवर त्यात खोटं नव्हतं. पण ते का वाजतं हे ज्याने ऐकलंय तो आणखी लिहू शकला असता. साध्या वाफेच्या इंजिनाला दोन सिलिंडर. प्रत्येकात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने वाफ. म्हणून मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार. गाडी सुटताना ते चारही वेगळे मोजता येतात. वेग आला की एकात एक मिसळतात. चढावर पुन्हा सुटे होतात, आणि जड होतात. पलंगावर पडल्या पडल्या सांगता यायचं, मालगाडी भरलेली आहे की रिकामी.

दुसरा आवाज रुळांचा. रूळ १३ मीटरचे असायचे, जोडाला फट ठेवलेली. चाक फटीवरून गेलं की खटक. डब्याची चाकं जोडीजोडीने असतात म्हणून खटक-खटक, थोडी उसंत, खटक-खटक. आता रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब केलेत, तो ताल जवळजवळ संपलाच. त्यामुळे आजच्या गोष्टीत आजच्या गाडीला कोणी जुना ताल दिला की माझं वाचन अडतं. लेखक गाडीत बसला, पण ऐकत नव्हता.

तिसरा आवाज पुस्तकात मी अजून शोधतोय. गाडी फलाटावर उभी राहिली की एक माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकाचाकावर ठोका देत जायचा. चाक निकोप असेल तर खणखणीत वाजतं. तडा असेल तर बद्द बोलतं. हजारो माणसांचा जीव त्या एका माणसाच्या कानावर होता. कोणाला हा माणूस मराठी पुस्तकात भेटला असेल तर पान क्रमांक कळवा, मी ते पुस्तक विकत घेईन.

पाचोऱ्याचा_पाहुणा:
आबा, नमस्कार. शेवटच्या रकान्यात आमची पीजे टाका. पाचोरा-जामनेर, नॅरोगेज. करोनात थांबली ती थांबलीच, आता येईल ती ब्रॉडगेज होऊन. तिची शिट्टी बारीक आणि लांब होती, शेतातली माणसं तिच्यावर भाकरी सोडायची. तिच्यावर कथा-कविता कोणी लिहिलीय का? मला माहीत नाही म्हणून विचारतो.

नंदनगरी:
@पाचोऱ्याचा_पाहुणा, तुम्हीच लिहा. आत्ता जे दोन ओळींत लिहिलंत तेच वाढवा.

मी धडगावकडे आश्रमशाळेत शिकवते. हा धागा वाचून वर्गात करून पाहिलं. पाठ्यपुस्तकातला पाऊस रिमझिम पडतो. मी मुलांना विचारलं, तुमच्या घरी पाऊस कसा वाजतो? एका मुलाने पत्र्यावरचा सांगितला, एकीने कौलावरचा, एकाने सागाच्या पानावरचा. सागाचं पान केवढं मोठं, त्यावर पहिला थेंब पडतो तो टिचकी मारल्यावर वाजावा तसा वाजतो. ते मी अनेकदा ऐकलं होतं, पण त्या मुलाने सांगेपर्यंत कधी तोंडावर आलं नव्हतं. मग त्यांनी ते पावरीत, आपल्या घरच्या बोलीत लिहिलं, देवनागरीत. फळ्यावर जागा पुरेना.

आणि वाद्याच्या रकान्याबद्दल. काठी गावची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा रात्रभर जागून पाहावी. होळी पेटते पहाटे. तोवर ढोल, बासऱ्या, आणि नाचणाऱ्यांच्या कमरेला बांधलेले घुंगरू आणि सुकलेले भोपळे. मोठा ढोल जवळ आला की तो कानाच्या आधी छातीत ऐकू येतो. सातपुड्यातले हे आवाज छापील मराठीत फार थोडे आलेत. मुलांनी ऐकून लिहिलेल्या वह्या आव्हानात धराल का?

गिरणाकाठची:
धरणार म्हणजे काय, धरायलाच हव्यात! अमळनेरला साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत. त्याला कोणी पुस्तक नाही म्हणून बाजूला ठेवलं नाही. मुलांची परवानगी घेऊन थोडं इथे टाका, ताई. पावरीतलं जसंच्या तसं, खाली मराठी.

कानांनी_वाचतो:
मला डोळ्यांनी दिसत नाही, पुस्तकं मी फोनच्या वाचक आवाजातून ऐकतो. वर कोणी विचारलेलं नाही, पण पुढे विचारलं जाईलच म्हणून आधी सांगतो: ऐकलेलं पुस्तक वाचलेलंच धरा.

आता अनुभव. यंत्राचा आवाज सगळं एका पट्टीत वाचतो. "धबाबा तोय आदळे" हे तो बँकेच्या निरोपासारखं वाचतो. तरीही मला धबधबा ऐकू आला. मी विचार केला, कसा? तर "ध", "भ", "घ" ही अक्षरं उच्चारायला हवाच जास्त लागते, यंत्रालाही ती टाळता येत नाहीत. म्हणजे लेखकाने अक्षरांत आवाज ठेवला असेल तर वाचणारा कितीही कोरडा असो, तो बाहेर येतो. आणि लेखकाने "प्रचंड आवाज झाला" असं नुसतं लिहिलं असेल तर उत्तम नटाने वाचूनही मला काही ऐकू येत नाही. माझ्याकडून आव्हानाची कसोटी हीच घ्या: यंत्राकडून वाचून घ्या आणि मग काय उरतं ते सांगा.

लेक_आसोद्याची:
@कानांनी_वाचतो, दादा, ही कसोटी मी आजच लावली. घरोटा टिकला.

सावदेकर:
कसोटी पटली. पण ती कवितेला सोपी आहे. गद्याला लावा.

मेहरूण:
गद्याला नाही, पण नाटकाला लावते. परदेशी चालत असेल तर चेखव्हचं 'चेरी ऑर्चर्ड', १९०४ सालचं. मधेच लांबून एक आवाज येतो, तार तुटल्याचा. कशाचा, कोणाला नक्की सांगता येत नाही. प्रत्येक पात्र आपापला अंदाज करतं. शेवटी तोच आवाज पुन्हा येतो आणि मग फक्त झाडांवर पडणारी कुऱ्हाड. नाटककाराने आवाजाचा खुलासा केलेला नाही, आणि म्हणूनच प्रत्येक पात्र काय ऐकतं त्यावरून ते पात्र कळतं. सावदेकर म्हणतात तो माणूस इथे आवाजातूनच सापडतो.

आणि घरचं म्हणाल तर बालकवी. गिरणाकाठच्या ताईंनी 'औदुंबर' सांगितली, मी 'पारवा' सांगते:

"भिंत खचली कलथून खांब गेला
जुनी पडकी उद्ध्वस्त धर्मशाला
तिच्या कौलारी बसुनि पारवा तो
खिन्न नीरस एकांतगीत गातो"

पारव्याचं घुमणं ज्याने दुपारी रिकाम्या घरात ऐकलंय त्याला "खिन्न नीरस" हे दोन शब्द पुरतात. धरणगावला जन्मलेला हा मुलगा. १९०७ च्या जळगावच्या कवी संमेलनात कविता म्हणून दाखवली आणि तिथेच 'बालकवी' झाला. कविता मोठ्याने म्हटली म्हणून ते नाव मिळालं. १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. आबा, भादलीवरून गाडी गेली की मला दर वेळी हे आठवतं.

रेल्वेवाले_आबा:
मेहरूणताई, आम्हालाही.

बिबडी:
पारव्यावरून लिहायचं धाडस करते.

माझे बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात होते. आयुष्यभर. मशीन चालू असताना एकमेकांशी खुणांनी बोलायचे, आणि कानात घालायला काय, तर तिथलाच कापूस. कापसाने आवाज अडत नाही हे तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नाही. आता कान गेलेत. कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवून समजावलं. कारखान्याच्या आवाजाने बहिरेपण येतं ते बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. म्हणून बारीक, उंच आवाज आधी जातात: चिमणी, कुकरची शिट्टी, नातवंडांचं बोलणं. त्यातही स, श, फ आधी. जाड आवाज बराच काळ राहतात, ढोल, ट्रक.

या धाग्यावरची 'पारवा' मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाचली आणि म्हणाले, "हा मला अजून ऐकू येतो. चिमण्या गेल्या, हा आहे." खरंच आहे ते, पारव्याचं घुमणं खालच्या पट्टीतलं. मग त्यांनी स्वतःच पुस्तकाची पानं उलटली, चिमणी कुठे आहे ते शोधायला. चिमणी, सुगरण, पावशा, जे जे कानाने गेलं ते ते पुस्तकात शोधतायत. आव्हानात त्यांचं नाव घाला. त्यांना कापूसवाले बाबा म्हणा, चालेल.

धुळ्याचा_पोर:
बाबास्ले नमस्कार सांग, ताई.

कापूसकोंड्या:
सुगरण म्हटल्यावर बाबांना 'खोप्यामधी खोपा' द्या. आणि माझं टोपणनाव त्यांना आवडेल का, तेही विचारा.

फैजपूरकर:
उशिरा आलो. कोणी फैजपूरचं नाव घेतलं नाही म्हणून घेतो. आमच्या गावी केशवसुत शिक्षक होते आणि मर्ढेकरांचा जन्म आमच्याच गावचा, १९०९ चा. केशवसुतांची 'सतारीचे बोल' वाद्याच्या रकान्यात पहिली हवी. अंधारात उद्विग्न होऊन निघालेल्या माणसाच्या कानी सतार येते, आणि कवी सतारीचं वर्णन करत बसत नाही, बोलच देतो: दिड दा, दिड दा. प्रत्येक कडव्यागणिक ऐकणाऱ्याचं मन पालटत जातं, बोल मात्र तेच राहतात. मर्ढेकर तर आकाशवाणीत नोकरीला होते, त्यांनी संगीतिका लिहिल्या. कानासाठी लिहायचं म्हणजे काय हे त्यांना पगारी काम म्हणून माहीत होतं.

पाटणादेवी:
चाळीसगावकर, गणिताचा मास्तर. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण माझ्याकडे असा आवाज आहे की जो मोजता येतो.

भास्कराचार्यांची 'लीलावती', ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीचा भाग. त्यात एक उदाहरण आहे. भुंग्यांचा थवा आहे. त्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीच्या वेलीकडे गेलं. एकूण थव्याचे आठ-नवमांशही गेले. उरला एक भुंगा आणि एक भुंगी. भुंगा रात्री सुगंधाच्या लोभाने कमळात शिरला आणि पाकळ्या मिटल्या. तो आत गुणगुणतोय, ती बाहेरून त्याला गुणगुणून उत्तर देतेय. तर सांग, थव्यात किती?

उत्तर ७२. निम्मे ३६, मूळ ६. आठ-नवमांश ६४. अधिक २.

मूळ संस्कृतात तिथे "प्रतिरणति रणन्तम्" असं आहे. मुलांना मी आधी हे दोन शब्द दोनदा-तीनदा म्हणायला लावतो. सगळा वर्ग गुणगुणायला लागला की मगच खडू हातात घेतो. वर्गसमीकरणाची भीती अर्धी तिथेच जाते. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी आमच्या पाटणला मठ काढला होता. १२०७ चा त्याचा शिलालेख पाटणच्या देवळात आहे, भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. म्हणजे ही भुंग्यांची गुणगुण आठशे वर्षांपूर्वी या डोंगराखाली मुलांनी घोकली असणार, हे मी माझ्या भरवशावर म्हणतो.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे, कारण मधे सगळे तो विसरले. शांतता धरायची का? मी गणितवाला, म्हणून शून्याकडे बघतो. २०५ मधलं शून्य काढून टाकलं तर २५ उरतात. त्या शून्याला किंमत आहे, कारण त्याच्या जागेवर काहीतरी असू शकलं असतं. 'औदुंबर'मध्ये झरा आहे. वाहत्या झऱ्याला आवाज असतोच. कवीने तो लिहिला नाही, म्हणजे ती जागा त्याने राखून ठेवली. अशी शांतता धरावी. पण ज्या पुस्तकात आवाजाची जागाच नाही, तिथे शांतता आहे असं म्हणून रकाना भरू नये.

मेहरूण:
@पाटणादेवी, सर, अगदी पटलं. मुक्ताबाईंचं बघा ना. नामदेवांच्या अभंगात वीज कडाडते आणि मुक्ताबाई गुप्त होते. मुक्ताईनगरच्या वारीत हा अभंग मी ऐकला, तेव्हा वीज सगळ्यांनी म्हटली आणि पुढच्या ओळीला टाळ थांबले होते. तिथे दोन्ही रकाने एकदम भरतात.

सावदेकर:
हा खुलासा मला मान्य. म्हणजे नोंद करताना "इथे कुठला आवाज असायला हवा होता" तेही लिहावं लागेल. तसं लिहिलं तर माणूसही निसटणार नाही, कारण हा आवाज का वगळला असेल याचा विचार करावाच लागतो.

रेल्वेवाले_आबा:
यात एक भर. रात्री लांबची शिट्टी जवळ ऐकू येते, दिवसा येत नाही. लोक म्हणतात रात्री शांत असतं म्हणून. ते खरं, पण अर्धंच. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची त्या मानाने ऊबदार राहते, म्हणून वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. तेव्हा गोष्टीत रात्र असेल आणि दूरचं काहीच ऐकू येत नसेल, तर लेखकाला विचारा, का?

गिरणाकाठची:
ठरलं. शांततेचा वेगळा रकाना. अट पाटणादेवी सर आणि सावदेकर यांची: कोणता आवाज असायला हवा होता ते लिहायचं. 'औदुंबर' त्यात पहिली, आवाज झऱ्याचा.

बाकीचंही सांगून टाकते. ऐकलेली पुस्तकं चालतील. अनुवाद चालतील. मुलांच्या वह्या चालतील. ओव्या, आखाजीची झोक्यावरची गाणी, कानबाईची गाणी चालतील, पण स्वतः ऐकून लिहून घेतलेली, कुठूनतरी उचलून डकवलेली नकोत. कोणाकडून ऐकली, कोणत्या गावात, एवढं द्या (नाव नको, नातं पुरे: आजी, मामी, शेजारीण). कारखान्याच्या आणि चुलीच्या रकान्यात अजून एकही नोंद नाही. बिबडी, बाबांना विचार ना, जिनिंग कोणत्या पुस्तकात भेटलं का त्यांना?

बिबडी:
विचारलं. भेटलं नाही म्हणाले. म्हणाले, "मीच सांगतो, तू लिही." कागद घेऊन बसलेय. पहिलं वाक्य सांगितलं ते असं: सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी पट्टे सैल असतात, ते नुसते फटफटतात, आणि तेवढ्यात जे बोलायचं ते बोलून घ्यायचं.

पाचोऱ्याचा_पाहुणा:
ताई, बाबांना म्हणा थांबू नका. मीही पीजेचं लिहायला घेतलंय. आबा, चार फुत्काराचं मला आणखी विचारायचंय, माझ्या आठवणीत डिझेल इंजिनच आहे, वाफेचं वडिलांच्या.

रेल्वेवाले_आबा:
वडिलांना विचार, ते सांगतील ते खरं. अडलं तर मी आहे.

कापूसकोंड्या:
चुलीचा रकाना माझ्याकडे. भरताची वांगी काड्यांवर भाजताना साल तडकते तो आवाज, आणि मग लाकडी भांड्यात ठेचतानाचा. पुस्तकात शोधतो. नाही सापडला तर हिवाळ्यात सगळ्यांना शेतात भरीत खायला बोलावतो, तिथे ऐका.

सावदेकर:
भरीत म्हटल्यावर माझं नाव लिहाच. बागेची कापणी उरकली की सुरुवात करतो. ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय घेतोय, शंखांचा. वाद्याच्या रकान्यात टाकू की गळ्याच्या, ते वाचून झाल्यावर सांगतो. आणि वादळाच्या आवाजाचं पुस्तक कोणाला सापडलं तर मला कळवायला विसरू नका, मी अजून वाट बघतोय.